आपल्या रक्तगटाचं दान कोणतं?

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत असताना माझे बरेचसे रविवार शिबिरांत गेले. कधी गणेश मंडळाचा मांडव, कधी कॉलेजचं सभागृह, कधी कारखान्याचं कँटीन. जागा बदलते, पण समोर बसलेल्या रक्तदात्याचा प्रश्न सहसा बदलत नाही: "माझा गट चांगला आहे ना हो?" ओ निगेटिव्ह गटाचा माणूस हे जरा छाती पुढे काढून विचारतो. एबी गटाचा माणूस संकोचून विचारतो, कारण ‘आपण सगळ्यांकडून घेणारे, पण देऊ शकतो फक्त आपल्याच गटाला’ एवढंच त्याच्या शाळेपासून लक्षात राहिलेलं असतं. या दोघांना मी जे सांगत आले, तेच आज सांगणार आहे. चांगला गट, वाईट गट असं काही नसतं. प्रत्येक गटाच्या रक्ताचा कुठला तरी भाग विशेष मोलाचा असतो. तो कोणता हे समजून दान केलं, तर ते नेमक्या माणसापर्यंत पोहोचतं.

आधी गट म्हणजे काय ते पाहू. व्हिएन्नातले शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही जोड्यांत ते नीट मिसळलं, काहींत मात्र त्याच्या गुठळ्या झाल्या. त्यातून गटांची ओळख पटली. १९३० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या खुणा असतात. ए खूण असली तर ए गट, बी असली तर बी, दोन्ही असल्या तर एबी, दोन्ही नसल्या तर ओ. रक्तातला पिवळसर पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा. त्यात प्रतिपिंडं असतात, आणि जी खूण आपल्या पेशींवर नाही तिच्याविरुद्ध ती आधीपासूनच तयार असतात. ए गटाच्या माणसात बीविरुद्ध, बीमध्ये एविरुद्ध, ओमध्ये दोन्हींविरुद्ध आणि एबीमध्ये कुणाहीविरुद्ध नाही. ए गटाच्या रुग्णाला चुकून बी गटाच्या पेशी दिल्या तर ही प्रतिपिंडं त्या पेशी शिरेतच फोडून टाकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि प्राणही जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढीत नुसत्या चिठ्ठीवरच्या गटावर कुणी विसंबत नाही. रुग्णाचा नमुना पुन्हा तपासला जातो आणि मग पिशवीतल्या रक्ताशी त्याची जुळणी, म्हणजे क्रॉसमॅच, केली जाते. "गट ठाऊक आहे, मग एवढा वेळ का लावता?" असं नातेवाईक चिडून विचारतात. तो वेळ यासाठी लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपण दिलेली पिशवी बहुधा जशीच्या तशी रुग्णाला चढवली जात नाही. ती यंत्रात वेगाने फिरवून तिचे भाग वेगळे केले जातात. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्स मात्र खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवूनही, जेमतेम ५ दिवस टिकतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी तांबड्या पेशी लागतात. मोठ्या रक्तस्रावात किंवा यकृताच्या आजारात प्लाझ्मा लागू शकतो. कर्करोगाच्या उपचारांत, आणि डेंग्यूच्या काही रुग्णांना, प्लेटलेट्स लागतात.

गंमत अशी, की तांबड्या पेशींचा नियम प्लाझ्मासाठी बरोबर उलटा होतो. ओ गटाच्या पेशींवर खूण नाही, म्हणून त्या सर्व गटांना चालतात; पण ओ गटाच्या प्लाझ्मात दोन्ही प्रतिपिंडं असल्यामुळे तो ओ गटाच्या रुग्णालाच द्यायचा असतो. एबी गटाच्या पेशी फक्त एबीलाच चालतात, पण त्याच्या प्लाझ्मात ही प्रतिपिंडं नसल्यामुळे तो कोणत्याही गटाच्या रुग्णाला देता येतो. म्हणजे संकोचून प्रश्न विचारणारा तो एबी गटाचा माणूस प्लाझ्माच्या बाबतीत सर्वांना देणारा ठरतो. आपल्याकडे एबी हा गट सर्वात कमी आढळतो, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे.

गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे डी नावाच्या आणखी एका खुणेवरून ठरतं. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात. अपघाताच्या वेळी गट तपासायलाही सवड नसेल, तर ओ गटाच्या पेशी दिल्या जातात. त्यातही ओ निगेटिव्ह पिशव्या शक्यतो मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी राखतात. अशा निगेटिव्ह स्त्रीला पॉझिटिव्ह रक्त मिळालं, तर तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं पुढे पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात.

मग कोणी काय द्यावं? ओ आणि बी हे आपल्याकडचे सर्वात मोठे गट. रुग्णही त्याच गटांचे जास्त, त्यामुळे त्यांच्या तांबड्या पेशींची मागणी रोजची. या गटांच्या लोकांनी नेहमीचं रक्तदान नियमित करावं. ए आणि एबी गटाच्या लोकांनी नेहमीच्या दानाबरोबरच प्लेटलेटदानाचाही विचार करावा, कारण प्लेटलेट्स प्लाझ्मातच तरंगत असतात आणि गरजेच्या वेळी या गटांच्या प्लेटलेट्स इतरांनाही देणं तुलनेने सोयीचं असतं. निगेटिव्ह गटाच्या लोकांना माझा सल्ला वेगळा आहे. शिबिर दिसलं की लगेच बाही वर करू नका. आधी रक्तपेढीत विचारा: "आज गरज आहे का, की नाव लिहून ठेवू?" निगेटिव्ह पिशवीला वेळेत तसा रुग्ण मिळाला नाही, तर ती पॉझिटिव्ह रुग्णाला द्यावी लागते किंवा मुदत संपून वाया जाते. आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणाला खरोखर लागली, तर तुम्हाला तीन महिने देता येत नाही.

प्लेटलेटदानाची लोकांना उगाच भीती वाटते. त्यात हातातलं रक्त एका यंत्रातून फिरतं. यंत्र प्लेटलेट्स काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत करतं. तास-दीड तास बसावं लागतं, आणि ओठांना किंवा बोटांना थोड्या मुंग्या येऊ शकतात. पण अशा एका दानातून मिळणाऱ्या प्लेटलेट्स नेहमीच्या पाच-सहा पिशव्यांतून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सइतक्या असतात. म्हणजे रुग्णाला पाच-सहा अनोळखी दात्यांऐवजी एकाच दात्याच्या प्लेटलेट्स मिळतात. दानाआधी तीन दिवस अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतलेली चालत नाही. मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी दानासाठी स्वतःहून बंद करू नका.

एक गट असा आहे, की ज्याचं नावच आपल्या शहरावरून पडलं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांच्या रक्तात विचित्र प्रकार पाहिला. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटासारखं दिसे, पण ओ गटाच्या पेशींशीही ते जुळत नसे. ए आणि बी या खुणा ज्या मूळ पायावर उभ्या राहतात, ती एच नावाची खूणच या माणसांत नव्हती. याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. अशा रुग्णाला फक्त त्याच गटाच्या पेशी चालतात, ओ निगेटिव्हसुद्धा नाहीत. आपला गट बॉम्बे आहे असं कळलं, तर दुर्मिळ गटाच्या दात्यांच्या यादीत नाव नोंदवणं ही त्या माणसाची सर्वात मोठी देणगी ठरते. भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा गट आई-वडिलांकडून येतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. "माझ्या मुलाला माझंच रक्त द्या" असं बाप कळवळून म्हणतो. पण अगदी जवळच्या नात्यातलं रक्त क्वचित घातक ठरू शकतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे टिकतात, आणि मग रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं, तर त्यावर आधी किरणोत्साराची प्रक्रिया करावी लागते. त्यापेक्षा बापाने आपलं रक्त पेढीला द्यावं आणि मुलाला पेढीतलं जुळणारं रक्त मिळावं, हे उत्तम. बदली म्हणून दिलेलं रक्त रुग्णाच्याच गटाचं असायला हवं, असंही नाही.

नियमही थोडक्यात सांगते. आपल्याकडे २०२० साली सुधारलेल्या नियमांनुसार वय १८ ते ६५ असावं. पहिल्यांदा देणाऱ्याचं ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. दोन दानांत पुरुषांनी ९० दिवसांचं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवावं. प्लेटलेटदानासाठी वजन ५० किलोहून जास्त लागतं, आणि ४८ तासांच्या अंतराने, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा ते करता येतं.

पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि ते योग्यच झालं. आता रक्त मिळण्याचा आधार म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी माणसं. पण आपण सगळे एकाच दिवशी देतो. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला पेढी भरते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत ती रिकामी पडते. आजारी माणूस सुट्टी पाहून आजारी पडत नाही. तेव्हा जवळच्या रक्तपेढीचा फोन नंबर घरात लिहून ठेवा. देण्याआधी विचारा, "आमचा गट हा. सध्या काय हवंय, रक्त की प्लेटलेट्स? आत्ता येऊ, की पुढच्या महिन्यात?" एवढ्या एका फोनमुळे कुण्या अनोळखी माणसाच्या नातेवाइकांची रात्री-अपरात्री होणारी धावपळ वाचू शकते.