माशांच्या पेटीला कोणते सिलिकॉन?

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले १९५१ साली. त्या काळी घरी मासे पाळायचे तर लोखंडी चौकटीत काचा बसवायच्या आणि फटींत लांबी भरायची. चौकट गंजे, लांबी सुकून तडके आणि पाणी झिरपू लागे. १९६०च्या दशकात नुसत्या काचांना काचा चिकटवून पेट्या होऊ लागल्या. हे साधले सिलिकॉनमुळे.

सिलिकॉन या नावाचा थोडा घोळ आहे. वाळूत आणि काचेत असते ते मूलद्रव्य सिलिकॉन. त्याच्यापासून तयार केलेला रबरासारखा पदार्थ, त्यालाही आपण सिलिकॉनच म्हणतो. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे, मराठीत तोही उरत नाही. नळीतले सिलिकॉन हवेतला ओलावा शोषून घट्ट होते. बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर, असे ते पिकत जाते. पिकताना बहुतेक नळ्यांतून शिरक्यासारखा आंबट वास येतो. तो अॅसिटिक आम्लाचा असतो. हे आम्ल उडून गेले की मागे उरलेले शुद्ध सिलिकॉन माशांना काही करत नाही.

मग मासे मरतात कशाने? हार्डवेअरच्या दुकानात आपण नुसते ‘सिलिकॉन द्या’ म्हणतो आणि दुकानदार बाथरूमच्या फरशीसाठी येणारी नळी हातात ठेवतो. तिच्यावर ‘अँटी-फंगल’, ‘मिल्ड्यू रेझिस्टंट’ किंवा ‘सॅनिटरी’ असे छापलेले असते. न्हाणीघरात बुरशी धरू नये म्हणून तिच्यात बुरशीनाशक घातलेले असते. फरशीवर ते उपयोगाचे. पण पेटीत ते हळूहळू पाण्यात उतरते. मासा तेच पाणी दिवसरात्र कल्ल्यांतून घेत असतो. आपल्याला कोंदट वाटले तर आपण खिडकी उघडतो, त्याला खिडकी नाही.

शिरक्याचा वास आला म्हणजे नळी निर्धोक, असा एक समज आहे. तो खरा नाही. बुरशीनाशक घातलेल्या नळीलाही तोच वास येऊ शकतो. नळी पारदर्शक आहे, यावरूनही काही सिद्ध होत नाही. भरवसा ठेवायचा तो छापील मजकुरावर. ‘अॅक्वेरियमसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहिलेली नळी घ्यावी. काही नळ्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘अॅक्वेरियमसाठी वापरू नये’ असेही असते. चष्मा लावून ते वाचावे. ‘वरून रंग देता येतो’ असे लिहिले असेल तर ते बहुधा शुद्ध सिलिकॉन नव्हे, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. मुदतीची तारीखही बघावी. जुनी नळी नीट पिकत नाही, चिकटच राहते.

आता सांध्याच्या ताकदीचे. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच पेटीत साधारण ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे ५४ किलो वजन. एकट्या समोरच्या काचेला ते पाणी सुमारे २७ किलोंच्या जोराने बाहेर ढकलते. म्हणून मोठी पेटी जोडायची असेल तर अनुभवी कारागीरच गाठावा.

लहान गळती मात्र घरी दुरुस्त होते. पेटी रिकामी करावी. मासे जुन्याच पाण्यासह टबात ठेवावेत, हवेचा पंप चालू ठेवावा. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ओला राहू द्यावा. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात असतात. गळक्या सांध्याच्या आतल्या कडेवरचे जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडावे. जुन्या सिलिकॉनला नवे धरत नाही. वरून लिंपलेला थर काही दिवसांत सुटतो, हे दुरुस्ती फसण्याचे नेहमीचे कारण. मग काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी, नवे सिलिकॉन एका दमात भरावे आणि बोटाने दाबून सारखे करावे. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर हात लावू नये.

यापुढे लागतो तो धीर. वर हात लावून कोरडे वाटले, तरी आत ते ओलेच असते. आठवडाभर पेटी उघडी ठेवावी. नाक जवळ नेऊन वास घ्यावा. आंबटपणा असेल तर आणखी थांबावे. वास गेला की पेटी भरून एक दिवस गळती तपासावी, ते पाणी ओतून द्यावे, पुन्हा धुवावे आणि मगच मासे सोडावेत.

बाजारात नळी निवडायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत आपण जे वाचू, त्यावर पेटीतल्या जिवांचे पुढचे सारे दिवस अवलंबून असतात. त्यांना तक्रार करता येत नाही, म्हणून आपणच आधी विचारायचे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)