जुनी वेल आणि आपला खोडवा



कोरेगाव भागातले काही तरुण सभासद हल्ली गट ऑफिसात विचारतात, "साहेब, ऊस मोडून वाइनची द्राक्षं लावली तर?" वाइन म्हटलं की आपल्या माळकरी मंडळींच्या कपाळाला आठी पडते, तेही बरोबरच आहे. पण पीक म्हणून माहिती घ्यायला हरकत नसावी.

परदेशात जुन्या वेलींच्या, सेंद्रिय, फारसा हात न लावता केलेल्या लाल वाइनला मोठा मान आहे. ऑस्ट्रेलियातील बारोसा खोऱ्यात 35 वर्षांपुढच्या वेलीला जुनी म्हणतात, आणि तिथं 1843 साली लावलेल्या वेली अजून फळ देतात. वेल म्हातारी झाली की माल कमी धरते. आपला खोडवाही तसाच. तिसऱ्या खोडव्याला नांग्या पडतात, गवताळ वाढ दिसते आणि आम्हीच सांगतो, मोडा आता. कारण ऊस काट्यावर जातो आणि उतारा सबंध कारखान्याचा धरला जातो. एकट्याचा ऊस गोड निघाला म्हणून त्याला वेगळा दर नाही. वाइनवाला मात्र एकेका बागेचा माल वेगळा आंबवतो आणि कमी मालाची भरपाई भावात करतो.

लाल रंग असतो सालीत, म्हणून रस सालीसकट आंबवतात. 24 ब्रिक्सच्या द्राक्षातून साधारण 13 टक्के अल्कोहोल उतरतं. काम यीस्टचंच, आसवनीत मळीवर चालतं तसं. फरक एवढाच, की हात न लावणारे विकतचं यीस्ट घालत नाहीत. बागेतून आणि तळघरातून आलेल्या यीस्टवर भागवतात. गंधकाचा वापरही जवळजवळ नाही. आपण साखर पांढरी करायला रसात गंधकाचा धूर सोडतो, तोच वायू वाइनवाले ती टिकावी म्हणून थोडा वापरतात. तो टाळला आणि स्वच्छतेत ढिलाई झाली, की पिंपच्या पिंप शिरका!

सेंद्रिय बागेचं दुखणं निराळं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी येते, आणि हातात उरतं बोर्डो मिश्रण. बहुवार्षिक पिकाच्या प्रमाणपत्रालाही 3 वर्षं थांबावं लागतं.

आपल्याकडं जुन्या वाइन-बागा फारशा का नाहीत? राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 साली आलं, विंचूर आणि पलूस इथं वाइन पार्क निघाले. पुढं 2009 च्या सुमारास मागणी बसली आणि नाशिककडं कित्येकांनी ऐन भरातल्या वेली उपटल्या. अकलूजला, म्हणजे उसाच्याच मुलखात, मोहिते-पाटील कुटुंबाच्या भागीदारीत इटालियन मंडळींनी 2007 च्या सुमारास वेली लावल्या. बारोसाच्या मापानं त्या अजून पोरसवदाच.

आणखी एक. तासगावच्या थॉम्पसनला बाजार नसला तर बेदाणा करता येतो. शिराज, कॅबरने यांचा मणी बारीक आणि बियांचा. वाइनरीनं पाठ फिरवली तर तो कुणी खात नाही की वाळवत नाही. उसाला एफआरपीचा कायदा आहे, या द्राक्षाला तसा आधार नाही. म्हणून ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी वाइनरीशी अनेक वर्षांचा लेखी करार करावा, भाव आणि माल नाकारण्याच्या अटी नीट वाचाव्यात, आणि सुरुवात हलक्या, निचऱ्याच्या माळावर अर्ध्या एकरात करावी. चांगला खोडवा त्यासाठी मोडू नये.