डाकीण प्रथेतील गुन्ह्यांची मानसशास्त्रीय मीमांसा

डाकीण प्रथा ही एखाद्या व्यक्तीवर, बहुधा स्त्रीवर, मंत्रतंत्राने रोग वा मृत्यू घडवून आणल्याचा आरोप ठेवून तिचा छळ करण्याची अनिष्ट प्रथा होय. महाराष्ट्रात ती मुख्यतः नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या परिसरात आढळते. डोंगराळ धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांचा त्यात समावेश होतो. मारहाण, बहिष्कार, गावातून हाकलून देणे व प्रसंगी खून ही या प्रथेची रूपे आहेत.

व्यक्तिमत्त्वाधारित सिद्धान्त

हान्स आयसेंक यांनी १९६४ मध्ये गुन्हेगारीचा संबंध व्यक्तिमत्त्वाच्या जैविक घडणीशी जोडला. हा सिद्धान्त डाकीण प्रथेला पुरेसा लागू पडत नाही. येथे हल्लेखोर बहुधा सराईत गुन्हेगार नसून पीडितेचेच भाऊबंद वा शेजारी असतात. म्हणून व्यक्तीच्या विकृतीपेक्षा समूहाच्या समजुतीचा विचार करणारे सिद्धान्त अधिक उपयुक्त ठरतात.

कारणारोपण

आफ्रिकेतील अझांदे लोकांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये धान्याच्या कोठाराचे उदाहरण दिले. वाळवीने खांब पोखरल्यामुळे कोठार पडते, हे अझांदे जाणतात. मात्र ते नेमके याच वेळी, याच माणसांवर का पडले, याचे उत्तर ते चेटकात शोधतात. मूल तापाने दगावले की ‘आमच्याच घरी का?’ हा प्रश्न असाच उभा राहतो. भगताने एखादे नाव सुचवले की दुःखाला कारण आणि रागाला लक्ष्य मिळते.

वैफल्य आणि आक्रमकता

जॉन डोलार्ड व सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये वैफल्य-आक्रमकता गृहीतक मांडले. वैफल्याच्या मूळ कारणावर राग काढता येत नसेल, तर तो दुर्बल व्यक्तीकडे वळतो. एकट्या, विधवा वा वृद्ध स्त्रिया अशा रागाला सहज बळी पडतात.

सामाजिक अध्ययन व समर्थन

आल्बर्ट बंडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात, प्रौढांना बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी त्या वर्तनाचे अनुकरण केले. डाकिणीची भीती व तिला द्यावयाची ‘शिक्षा’ याही लहानपणापासून पाहून, ऐकून शिकल्या जातात. ग्रेशॅम साइक्स व डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये गुन्हेगार अपराधभाव कसा टाळतो, हे दाखवले. ‘तिने आधी आमचे मूल खाल्ले’ या समजुतीत पीडितेचे पीडितपणच नाकारले जाते आणि हल्ला स्वसंरक्षण वाटू लागतो.

कायदा

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार करणी केल्याचा, दुभत्या जनावरांचे दूध आटवल्याचा वा रोगराई पसरवल्याचा आरोप करून एखाद्याचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावास व ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्थात हिंसा घडण्यापूर्वी, आरोपाच्या टप्प्यावरच हस्तक्षेप करणे या कायद्यामुळे शक्य होते.

मर्यादा

केवळ मानसशास्त्रीय स्पष्टीकरण अपुरे असल्याची टीका केली जाते. जमिनीचा वाद वा जुने वैर यांसाठीही डाकिणीचा आरोप वापरला जातो. तेथे श्रद्धा हे कारण नसून निमित्त असते. तसेच आजाराचे निदान व उपचार गावाजवळ उपलब्ध नसतील, तर भगताचे स्पष्टीकरण हेच एकमेव स्पष्टीकरण उरते. त्यामुळे प्रतिबंधासाठी कायद्याइतकीच आरोग्यसेवा व प्रबोधन यांचीही आवश्यकता मानली जाते.