कावीळ : प्रकार, लक्षणे आणि शुश्रूषा



जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आजाराची माहितीही अहवालातून आपल्यापर्यंत पोहोचावी, या हेतूने यंदा कावीळ हा विषय निवडला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांच्याकडून जे समजून घेतले आणि प्रवेश खिडकीमागे बसून जे पाहिले, तेच येथे मांडले आहे.

कावीळ म्हणजे काय?

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे काम मंदावते आणि डोळे, त्वचा व लघवी पिवळी दिसू लागते. पित्तनलिकेतील खडा, अतिमद्यपान, काही औषधे, पुरानंतर आढळणारा लेप्टोस्पायरोसिस यांमुळेही कावीळ होते. म्हणून रक्ततपासणीवाचून कारण ठरवू नये. विषाणूंमुळे यकृतास येणाऱ्या सुजेस हिपॅटायटिस म्हणतात. तिचे ए, बी, सी, डी आणि ई असे पाच प्रमुख प्रकार आहेत.

पाण्यातून येणारी कावीळ : ए आणि ई

या दोन्ही प्रकारांचे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात मिसळतात. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाडवरून सांगलीस येते. वाटेतील प्रत्येक गाव तिचे पाणी पिते आणि आपले सांडपाणीही तिच्याच हवाली करते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत विहिरी, गटारे आणि नळ यांच्यातील सीमारेषाच पुसली गेली. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली व काही रुग्ण दगावले. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती साथ ई प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून उमगले.

ए प्रकार बहुधा लहान मुलांत आढळतो व सौम्य असतो. ई प्रकार तरुणांत अधिक दिसतो. दोन्ही बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मात्र ई प्रकारास एक भयंकर अपवाद आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास यकृत झपाट्याने निकामी होऊ शकते, आणि अशा स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जाते.

रक्तातून येणारी कावीळ : बी, सी आणि डी

बी प्रकार दूषित रक्त, एकदा वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळास, अशा मार्गांनी पसरतो. सी प्रकार मुख्यतः रक्तातून पसरतो. डी विषाणू बी असल्यावाचून वाढूच शकत नाही. बी व सी यांचा धोका असा की, डोळे कधीच पिवळे न होताही हे विषाणू वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करतात आणि पुढे यकृत कठीण होणे किंवा यकृताचा कर्करोग यांस कारण ठरतात. प्रौढ वयात बी झाल्यास बहुतेक जण त्यातून मुक्त होतात, परंतु जन्मतः लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा राहतो. म्हणूनच बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस टोचणे अगत्याचे आहे.

डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांनी बी विषाणूचा शोध लावला. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. याच दिवशी २०१८ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याखाली बी व सी यांची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. सी प्रकार आता बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. बी प्रकार औषधांनी काबूत ठेवता येतो.

लक्षणे

प्रारंभी ताप, थकवा, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे दिसतात. नंतर लघवी गडद होते आणि डोळे पिवळे पडतात. काहींना अंगाला खाज सुटते, तर काहींना पांढरट शौचास होते. पुढील लक्षणे दिसताच मात्र क्षणाचाही विलंब करू नये : असंबद्ध बोलणे, दिवसा झोप व रात्री जाग, हातांना कंप, हिरड्यांतून वा अन्यत्र रक्तस्राव, न थांबणाऱ्या उलट्या, पोट फुगणे. गरोदर स्त्रीची तर साधी कावीळही तातडीचीच समजावी.

शुश्रूषा

ए व ई प्रकारांवर विषाणू मारणारे औषध सहसा द्यावे लागत नाही. चांगली शुश्रूषा हाच मुख्य उपचार. परिचारिका रुग्णाची शुद्ध, तापमान, वजन, पोटात गेलेले पाणी व झालेली लघवी यांची नोंद ठेवतात. रक्त गोठण्यास वेळ लागत असल्याने सुई टोचलेली जागा अधिक वेळ दाबून धरतात. खाजेमुळे जखमा होऊ नयेत म्हणून नखे कापतात. झोपेची गोळी डॉक्टरांच्या आज्ञेवाचून देत नाहीत, कारण त्या गुंगीत यकृत निकामी होत असल्याची खूण झाकली जाते.

घरी रुग्णास विश्रांती द्यावी. थोडे थोडे पण वारंवार खाऊ घालावे. भात, भाकरी, वरण, ताक, फळे, सर्व चालते. मद्य पूर्ण वर्ज्य. तापाची गोळीही विचारूनच द्यावी. पाणी उकळून प्यावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. बी वा सी झालेल्या माणसाचे ताट-वाटी निराळे करण्याचे कारण नाही. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश व नखे कापण्याचे साधन तेवढे स्वतंत्र असावे.

काही समजुती

सांगली ही हळदीची पेठ, आणि याच सांगलीत काविळीच्या रुग्णाच्या ताटातून हळद हद्दपार होते. डोळ्यांतील पिवळेपणाचा आणि आमटीतील हळदीचा काहीही संबंध नाही. उसाचा रस घरी स्वच्छ काढलेला असेल तर हरकत नाही. रस्त्यावरील बर्फ घातलेल्या रसातून मात्र कावीळ जाण्याऐवजी येऊ शकते. गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरविणे, नाकात रस पिळणे, डाग देणे हे उपाय आजही चालतात. ए व ई आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. पण ज्या थोड्यांना खरा धोका असतो, त्यांचे मोलाचे दिवस यात वाया जातात. डाग दिल्याने तर निष्कारण जखम होते.

एक नोंद

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावातून आठवा महिना भरलेली एक भगिनी पतीसमवेत रुग्णालयात आली. डोळे पिवळे होते, पण ती चालत आली होती, बोलत होती. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागू नये, हा दंडक खिडकीवरील कर्मचाऱ्यास ठाऊक होता. परंतु चालत आलेला रुग्ण तातडीचा नव्हे, असा आमचा व्यवहार होता. तो व्यवहार मीच घालून दिला होता. पैशांची जुळवाजुळव करून येतो, असे सांगून ते दोघे परत गेले. गावी माळ घातली गेली. तिसऱ्या दिवशी तिला आणले तेव्हा ती पतीला ओळखत नव्हती. बाळ वाचले, त्या भगिनीस वाचविता आले नाही.

त्या कुटुंबाचे देयक मी माफ केले. पण ताळेबंदात ती रक्कम कोणत्या सदरात दाखविली तरी हिशेब जुळत नाही, हे मला तेव्हा कळले. केवळ दोष कर्मचाऱ्याचा म्हणून फाइल मिटविता आली असती. तसे केले नाही. तेव्हापासून गरोदर आणि पिवळे डोळे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आधी खाट, आधी रक्ततपासणी, आणि कागदपत्रे नंतर, असा नियम आहे. तो प्रवेश खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे.

देणगीदार बंधू-भगिनींना विनंती एवढीच, की आपल्या देणगीतील काही भाग या 'आधी' साठी खर्ची पडतो, याचे समाधान मानावे. आणि रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती, की पैशांची जमवाजमव होईपर्यंत थांबू नये. खिडकीवर कोणी थांबविले, तर व्यवस्थापकाचे दालन डाव्या हातास आहे. थेट आत यावे.