घर बदलताय? आधी कागद हलवा, मग सामान

पौड : ताम्हिणीकडच्या वाड्या-वस्त्यांवरून, कोळवण खोऱ्यातून पिरंगुट, भूगाव, हिंजवडीकडे राहायला जाणारी कुटुंबं मुळशीत बरीच आहेत. कुणाची कंपनीत ड्युटी, कुणाच्या पोरांची शाळा. शेत गावातच राहतं, चूल मात्र हलते. टेम्पो एका दिवसात रिकामा होतो. पण रेशन, दाखला, मतदान यांची कामं मागं राहिली की पुढं वर्षभर हेलपाटे सुरू.

तालुक्याला घर हलवणं नवं नाही. टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं उठली, तेव्हा १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले. त्या लोकांना निवड नव्हती. आज आपण आपल्या मर्जीनं जातो, तारीख आपल्या हातात असते. मग तयारीही नीट व्हायला हवी.

कधी हलायचं?

शाळेचा निकाल लागल्यावर आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मे महिना बरा. जूनमध्ये मुळशीचा पाऊस धरला की वाडीपर्यंत पिकअप पोचत नाही, गाद्या आणि धान्य भिजतं. मुहूर्त पाहणाऱ्यांनी मुहूर्तावर देव आणि कलश न्यावा, दूध उतू घालावं. जड सामान सोयीच्या दिवशी न्यावं. हिंजवडीकडे जाणाऱ्यांनी रविवारी सकाळी निघावं, ट्रॅफिक वाचतं.

रेशन बंद पडू देऊ नका

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत नव्या गावच्या दुकानातही अंगठा लावून हे धान्य घेता येतं. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी. पत्ता कायमचा बदलायचा तर तालुक्यातल्या तालुक्यात पौडच्या तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. पुणे शहरात गेलात तर तिथलं परिमंडळ कार्यालय.

शाळेचा दाखला

जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आधीच मागून ठेवा. नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, ते तिथंच पाहा. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो.

मतदान : घरात बसून ठरवा

मतदार यादीतला पत्ता 'नमुना ८' भरून बदलतो. हा अर्ज मोबाईलवरूनही भरता येतो. (ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ वेगळा, घोळ करू नका.) मात्र नाव नव्या ठिकाणी गेलं की गावच्या ग्रामपंचायतीला मतदान करता येत नाही, निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. म्हणून हा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा. 'दोन्हीकडं नाव ठेवू' हा सल्ला मात्र ऐकू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला धरून नाही आणि अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

भाडेकरार आणि आधार

भाड्यानं राहणार असाल तर करार नोंदणी केलेलाच घ्या. कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे. आधारचा पत्ता बदलायला हा करार चालतो. एकाच्या आधारवर नवा पत्ता आला की कुटुंबप्रमुख म्हणून त्याच्या संमतीनं बाकीच्यांचा ऑनलाइन बदलता येतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा. पीएम-किसानचा ओटीपीही नंबरवरच येतो. सिम बदलायची घाई नको.

गावचं घर बंद करताना

घरपट्टी भरून पावती फाईलला लावा. लाईटचा मीटर ठेवणार असाल तर घर बंद असलं तरी स्थिर आकाराचं बिल येत राहतं. ते थकलं की कनेक्शन तोडलं जातं आणि थकबाकी मागं लागते. नव्या घरात शिरताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आधीच्याचं बिल अंगावर येणार नाही. गॅसची बदली जुन्या एजन्सीतून आधी करून घ्या. गाई-म्हशी दुसऱ्याला देणार असाल तर कानातल्या १२ अंकी बिल्ल्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यातून नव्या मालकाच्या नावावर करा.

सामान भरताना

- तांदूळ ऊन दाखवून, गार करून पोत्यात भरा.
- फ्रीज उभाच न्या आणि पोचल्यावर काही तास थांबून चालू करा.
- सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, टोपी लावलेली, टाकी उभी.
- प्रत्येक खोक्यावर खोली आणि आतली वस्तू लिहा.
- म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या, चष्मा, दवाखान्याची फाईल एका पिशवीत ठेवा.
- पहिल्या रात्रीचं वेगळं खोकं : चहा-साखर, दोन भांडी, काडेपेटी, बॅटरी, चादरी.
- दागिने, सातबारा, खरेदीखत, बँक पासबुक टेम्पोत टाकू नका. ती पिशवी घरच्याच माणसाच्या मांडीवर.

एक महिना आधी दाखला आणि गॅस, पंधरा दिवस आधी भाडेकरार आणि टेम्पो, आठ दिवस आधी खोकी. आधार, रेशन आणि मतदानाची कामं गेल्यावर पहिल्या महिन्यातच उरकून घ्या. पेरणी सुरू झाली की तहसीलला जायला कुणाला सवड मिळत नाही.