काडतुसांचे पुनर्भरण व स्पर्धेच्या रायफलीची निगा

उडविलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे, यास पुनर्भरण म्हणतात. काटकसर हा त्याचा एक हेतू असला, तरी स्पर्धात्मक नेमबाजीत त्याचे खरे प्रयोजन एकसारखेपणा हे आहे. एका काडतुसातून सुटलेली गोळी जेथे लागते तेथेच पुढच्या काडतुसाची गोळी लागावी, यासाठी नेमबाज स्वतःच्या रायफलीला मानवेल असे काडतूस तयार करतो. रायफलीची निगा हा त्याच प्रयत्नाचा दुसरा भाग होय.

काडतुसाची पुंगळी पितळेची (सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त) असते. दारू पेटताच ती फुगून नळीच्या कोठीला घट्ट बसते व तप्त वायूंना मागे येऊ देत नाही; दाब ओसरल्यावर ती किंचित आकसते, म्हणून बाहेर काढता येते. पितळेच्या या लवचिकपणामुळेच पुनर्भरण शक्य झाले आहे. वापरलेली पुंगळी प्रथम तडे गेले आहेत काय हे पाहून निवडतात. नंतर जुनी टोपी काढून पुंगळी पोलादी साच्यातून दाबतात, म्हणजे ती मूळ आकारावर येते. त्यानंतर नवी टोपी, तोललेली दारू व गोळी या क्रमाने बसवितात. दर वापरात पितळ ताणले जाऊन कठीण होत असल्याने एकच पुंगळी अमर्याद काळ वापरता येत नाही.

पुनर्भरण कोठे लोकप्रिय व्हावे, हे बऱ्याच अंशी टोपीच्या रचनेने ठरविले. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर व अमेरिकन संशोधक हायरम बर्डन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दोन निरनिराळ्या रचना प्रचारात आणल्या. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या तळाशी मध्यावर एकच छिद्र असते. त्यातून सळई घातली की जुनी टोपी सहज निघते. बर्डनच्या रचनेत मध्यभागी ऐरण व तिच्या बाजूंस बारीक छिद्रे असल्याने टोपी काढणे जिकिरीचे असते. गमतीची गोष्ट अशी की, ब्रिटिश माणसाची टोपी अमेरिकेत रुळली आणि अमेरिकनाची यूरोपीय व ब्रिटिश लष्करी काडतुसांत. अमेरिकेत घरोघरी पुनर्भरणाचा छंद वाढला त्यामागे हे एक कारण आहे.

काउबॉय नेमबाजी : या छंदाचे सर्वांत रंगतदार क्षेत्र म्हणजे काउबॉय पद्धतीची नेमबाजी. तिचा प्रारंभ १९८२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात झाला व १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातील पोशाख करून दोन रिव्हॉल्व्हर, तरफेची एक रायफल व एक छऱ्याची बंदूक अशा चार शस्त्रांनी पोलादी लक्ष्ये वेळेच्या हिशेबात टिपतो. लक्ष्ये जवळ असतात. त्यामुळे उसळून परत येणारे तुकडे टाळण्यासाठी शिशाच्या मऊ व मंदगती गोळ्याच वापराव्या लागतात. नियमाप्रमाणे रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला सु. ४२७ मीटरपेक्षा कमी हवा.

विंचेस्टर कंपनीची १८७३ च्या नमुन्याची रायफल येथे विशेष प्रिय आहे. तिची यंत्रणा सांध्यांची असून काळ्या दारूच्या अल्प दाबासाठी बनविलेली आहे. म्हणून आधुनिक दारूचा जोरदार भार तिला धोक्याचा ठरतो. तिच्या नळीखालच्या कोठारात काडतुसे एकापुढे एक अशी राहतात व प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. अशा वेळी टोकदार गोळी धक्क्याने टोपी पेटवू शकते, म्हणून गोळीचे टोक चपटे ठेवतात. धुराची जुनी दारू मावेल एवढ्या मोठ्या पुंगळीत निर्धूम दारूचा अल्प भार तळाशीच राहतो. चुकून तो दोनदा पडला, तरी नजरेला लगेच दिसत नाही, आणि मग शस्त्र फुटते. पुनर्भरणातील गंभीर अपघातांचे हे नेहमीचे कारण होय.

भारतात ही स्पर्धा रुजली नाही, यात नवल नाही. शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ नुसार सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. मान्यताप्राप्त खेळाडूंना मात्र स्वतंत्र सवलती आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे भाग व ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते आणि त्याच्या निर्मितीला परवाना लागतो. म्हणजे अमेरिकेत घरच्या मेजावर बसविलेला दाबयंत्राचा सांगाडा येथे कायद्याच्या कक्षेत येतो. शस्त्रदुरुस्तीलाही हाच नियम लागू आहे.

पुणे परिसर : काडतुसांच्या निर्मितीशी या परिसराचा संबंध जुना आहे. मुळा नदीकाठच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथील काडतुसांच्या तळावरील ‘के. एफ.’ ही अक्षरे जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आला. नदीपलीकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग मायक्रॉनच्या मापाने तयार होतात. भागाचा आकार मर्यादेत आहे काय हे पाहण्यासाठी तेथे रोज वापरली जाणारी ‘गो’ व ‘नो-गो’ गेजे आणि रायफलीच्या कोठीत काडतूस किती घट्ट बसते हे तपासणारी गेजे यांचे तत्त्व एकच आहे. मात्र या पट्ट्यातील कुशल कारागिराला परवान्यावाचून रायफलीच्या नळीला हात लावता येत नाही. परिणामी नेमबाजाला बारीकसारीक दुरुस्तीसाठीही मोजक्या परवानाधारक शस्त्रकारांवर अवलंबून राहावे लागते.

या पट्ट्याच्या सीमेवर बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ चे राष्ट्रकुल युवा क्रीडासामने तेथेच झाले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

या दोन्ही प्रकारांत ०·२२ इंच (५·६ मिमी.) व्यासाची काडतुसे लागतात, आणि त्यांचे पुनर्भरण होऊ शकत नाही. यांत वेगळी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड कायमची चेपते. त्यामुळे अमेरिकन छांदिष्ट जे साच्याने साधतो, ते येथील नेमबाजाला निवडीने साधावे लागते.

निवडीचे महत्त्व थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०·४ मिमी. असतो आणि अंतिम फेरीत एक दशांश गुण म्हणजे सु. ०·८ मिमी. अंतर. गोळी सेकंदाला सु. ३२५ मीटर वेगाने जाते. हे अंतर कापताना गुरुत्वाकर्षणाने ती सु. १२ सेंमी. खाली येते. वेग सेकंदाला १० मीटरने वाढला, तर ही घट सु. ७ मिमी. ने कमी होते, म्हणजे गोळी जवळजवळ एक गुण वर सरकते. हात, श्वास व चाप यांत कोणतीही चूक नसताना केवळ काडतुसामुळे पदक जाऊ शकते. (नळीच्या कंपनांमुळे हा फरक कमी-जास्त होतो.) गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी ठेवतात, कारण ध्वनीची मर्यादा ओलांडताना तिचा मार्ग डळमळतो.

म्हणूनच ‘लॉट’ निवडण्याची पद्धत रूढ आहे. एकाच यंत्रावर, एकाच वेळी व एकाच मिश्रणातून तयार झालेल्या काडतुसांवर एक क्रमांक असतो. रायफल पकडीत बसवून निरनिराळ्या क्रमांकांची काडतुसे दहा-दहा वेळा झाडतात आणि ज्या क्रमांकाच्या छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान येईल तो त्या रायफलीसाठी निवडतात. एका रायफलीला मानवलेला क्रमांक शेजारच्या, त्याच कंपनीच्या रायफलीला मानवेलच असे नाही. उच्च प्रतीची ही काडतुसे मुख्यतः इंग्लंड व जर्मनीतून येतात. परवान्यातील संख्येची मर्यादा व आयातीतील विलंब यांमुळे निवडलेला क्रमांक पुरेसा न मिळणे, ही येथील खेळाडूंची मोठी अडचण आहे.

निगा : रायफल कशी साफ करावी हे तिच्यातून काय झाडले यावर अवलंबून असते. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपात उरतो. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात व पोलाद गंजवितात. जुन्या लष्करी टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटापासूनही तसाच क्षार होतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच नळीत उकळते पाणी ओतून मग तेल लावण्याचा लष्करी प्रघात पडला. केवळ तेलाचा हात फिरवून ठेवलेली रायफल जुलैत पुण्यात काही दिवसांत तांबूस होते.

०·२२ च्या आधुनिक काडतुसांत हा क्षार नसतो, पण मेण, शिसे व काजळी असते. कोठीच्या पुढे जेथे पेचदार खाचा सुरू होतात, तेथे काजळीचे कठीण कडे साचते व पुंजके हळूहळू मोठे होऊ लागतात. दांडा मागच्या बाजूनेच घालावा व त्याला मार्गदर्शक नळी लावावी. तोंडाकडून घातलेला दांडा तेथील कड घासतो आणि ती कड एका बाजूस झिजली की गोळी नळीतून सुटतानाच कलते. अति साफसफाईही हानिकारक असते. नळी धुतल्यावर मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरकटतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नळी खरवडणारा अनुभवी नेमबाज सहसा आढळत नाही.

लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो व नळीचा संच त्यावर वेगळ्या ताणाने बसतो. मेमध्ये बांधलेला नेम ऑगस्टमध्ये चुकतो त्याचे एक कारण हे आहे. स्पर्धेच्या रायफलींत ॲल्युमिनियमचे दस्ते आले, त्यात या गैरसोयीचाही भाग आहे. दस्ता कोणताही असला, तरी जोडणीचे स्क्रू ठरलेल्या मरोडबलानेच आवळावेत. वातानुकूलित खोलीतून काढलेली रायफल दमट हवेत उघडताच तिच्यावर दव धरते. तेव्हा पेटी काही वेळ बंदच ठेवावी, मग नळी कोरड्या कापडाने पुसून बोल्ट बसवावा.