संशोधनाची रीत शिकावी ती अशी

आपल्या बेटावरील मराठी घरांतली मुले-मुली पदवी मिळवून पुढील शिक्षणासाठी परदेशी जातात, याचा आम्हांला अभिमान आहे. पण तेथून पदवीबरोबर आणखी काय आणावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अमेरिकेतील विद्यार्थिदशेत याचे उत्तर सापडते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्राचे प्रा. सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस! आरंभीच त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि डॉ. केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या तपासायला घेतल्या. यांतील डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे आपलेच, पुढे ज्ञानकोशकार म्हणून गाजलेले. त्यांनीही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, जातिसंस्थेचाच अभ्यास केला होता. जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली होती: जातीत जन्मलेलाच तिचा सभासद आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकरांनी आदर राखून दाखवून दिले की ही लक्षणे दोन नव्हेत. बाहेर लग्न बंद झाले की सभासदत्व आपोआप जन्मावर येते. म्हणजे मूळ गोष्ट एकच, जातीतल्या जातीत लग्न.

मोठ्या माणसाचे मत आदराने वाचावे, पण पारखूनच घ्यावे, ही झाली पहिली रीत.

दुसरी रीत शिकलेले कामी लावण्याची. शेताचे तुकडे फार लहान झाले, ते एकत्र करावेत, अशी तेव्हा मुंबई इलाख्यात चर्चा चालू होती. १९१८ साली आंबेडकरांनी त्यावर लेख लिहिला. ‘लहान’ कशावरून ठरवता, हा त्यांचा प्रश्न. शेत किती मोठे यापेक्षा बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात यांचा मेळ बसतो का, ते पाहा. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार पडला आहे, तो उद्योगधंदे वाढवून हलका करा, असे त्यांनी सुचवले. उसावर जगलेल्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

आपल्यापुढेही असेच काम पडून आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदवह्या जपल्या आहेत. कोण कोणत्या गावचा, किती वयाचा, कोणत्या जहाजाने आला, हे त्यांत पाहता येते. ‘आमचे पणजोबा कोकणातले’ एवढ्यावर आपण किती दिवस समाधान मानणार? परदेशी शिकलेल्या आपल्या तरुणांनी या वह्या उघडाव्यात, ऐकीव गोष्टी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात आणि जे सापडेल ते मराठीत लिहावे. त्यांच्या पदवीचा आपल्या समाजाला यापरता मोठा लाभ कोणता?